उशिराची वही

सरकारी कागदावर धाकटी साठ वर्षांची झाली, तेव्हा ती खरी अठ्ठावन्नचीच होती. बायका वय चोरतात असं म्हणतात. इथे कागदानंच बाईची दोन वर्षं चोरली होती, आणि तीही नेमकी हवी होती तेव्हा. शाळेच्या वरच्या मजल्याचं काम सुरू होऊन चार महिने झाले होते आणि भिंती खांद्यापर्यंत आल्या होत्या. या मजल्यासाठी अर्ज करता करता अकरा वर्षांत तिच्या नाकी नऊ आले होते. आता कुठे विटा दिसायला लागल्या, तर गवंडी सांगत होता, "बाई, रंगासकट दीड वर्ष तरी धरा." आणि नियम सांगत होता की मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंनी, साठी भरली की वर्षाच्या शेवटच्या दिवशी खुर्ची सोडायची. तो दिवस तीन महिन्यांवर आला होता.

धाकटीला तो मजला उघडलेला बघायचा होता. नुसता बघायचा नव्हता, पहिलीच्या दोन्ही तुकड्या दोन वेगळ्या खोल्यांत बसवायच्या होत्या, आणि ते तिला स्वतःला करायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं.

ही दोन वर्षं हरवली कशी, ते सांगायचं तर मास्तरांपासून सुरुवात केली पाहिजे.

तेव्हा शाळा म्हणजे लाकडाच्या वखारीमागची एकच खोली. खाली भुसा, वर पत्रा, आणि वखारीच्याच चार फळ्या ठोकून काजळी फासलेला फळा. वखारीत करवत सुरू झाली की पाढे बंद, करवत थांबली की पाढे सुरू. त्या खोलीत शिकलेली म्हातारी माणसं आजही सातचा पाढा मध्येच दम खाऊन म्हणतात, आणि त्यांच्या सुनांना वाटतं सासरे विसरले.

मास्तर उंच, किडकिडीत आणि भलतेच शिस्तीचे. पण त्यांची शिस्त जगावेगळी होती. उशिरा येणाऱ्या पोराला ते मारत नसत आणि घरीही पाठवत नसत. "आलेल्या माणसाला परत पाठवायला ही काय कचेरी आहे?" असं म्हणत. पोरानं दारात उभं राहायचं, मोठ्यानं "हजर" म्हणायचं आणि उशीर का झाला ते एका वेगळ्या वहीत लिहायचं. लिहिता येत नसेल तर त्यानं सांगायचं आणि मास्तरांनी लिहून घ्यायचं. ते कारण लिहून झालं की पटावरची गैरहजेरीची लाल फुली मास्तर स्वतः खोडत. अट एकच, कारण खरं पाहिजे. त्या वहीचं नावच पडलं उशिराची वही.

धाकटीच्या बहिणीचं, थोरलीचं, नाव मास्तरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच पटावर घातलं होतं. तेव्हा ती सहा वर्षांची. तीन दिवस शाळेत गेली, चौथ्या दिवशी घरी राहिली. आई लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करून द्यायची, बाप वखारीत ओझी वाहायचा, आणि घरात चार वर्षांची धाकटी निखाऱ्याच्या इस्त्रीभोवती फिरायची. तिला धरून ठेवायला कोणीतरी पाहिजे होतं. मग थोरलीच्या नावापुढे लाल फुल्या पडत गेल्या. मास्तर रोज हजेरी घेताना तिचं नाव मात्र घेत. थोडं थांबत आणि पुढच्या नावाकडे जात.

मग तपासणी आली. वरून हुकूम असा, की चाळीस मुलं डोळ्यांना दिसली तर दुसरा शिक्षक आणि शाळेला स्वतःची इमारत. एक जरी कमी भरलं तर खोली बंद आणि पोरांनी नदीपलीकडच्या शाळेत जायचं. तिकडे किती जाणार, हे मास्तरांना न मोजताच ठाऊक होतं. तपासणीच्या सकाळी त्यांनी डोकी मोजली. एकोणचाळीस. परत मोजली. पोरं काही मोजल्यानं वाढत नाहीत. चाळिसावं नाव पटावर होतं, पण ते माणूस घरी होतं. साहेब यायला अर्धा तास होता.

मास्तर धावतच थोरलीच्या घरी आले. आई तीन दिवसांची बाळंतीण, कुशीत मुलगा. थोरली चुलीपाशी, एका हातानं भांडं धरलेलं, दुसऱ्या हातानं धाकटीला मागे ढकलत होती.

"बाई, एक तासभर पोरीला द्या," मास्तर म्हणाले. "नाहीतर शाळा गेली म्हणून समजा."

"हिला दिली तर माझ्याकडे कोण बघणार?" आई म्हणाली. "ही धाकटी घेऊन जा. नुसती पायात घोटाळते."

मास्तरांनी एकदा थोरलीकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे. वेळ नव्हता. त्यांनी धाकटीला खांद्यावर टाकलं आणि वाटेत तिला एवढंच सांगितलं, "ताईचं नाव घेतलं की हजर म्हणायचं." साहेबांनी नावं वाचली. चाळिसावं नाव आलं तेव्हा धाकटी भुशात बोट घालून बसली होती. मास्तरांनी खडूनं तिला हळूच टोचलं आणि ती केवढ्या तरी मोठ्यानं ओरडली, "हजर!" साहेब हसले, म्हणाले, "सहा वर्षांच्या मानानं लहानखुरी आहे," आणि सही करून निघून गेले.

त्या सहीनं शाळा वाचली आणि सगळं घोडं तिथेच अडलं. पटावरच्या त्या नावापुढे साहेबांची खूण पडली होती. नाव बदललं तर खोटेपणा उघडा पडणार. धाकटीला शाळा आवडली, ती दुसऱ्या दिवशी आपण होऊन गेली. आईही म्हणाली, एका घरातून एक गेली की पुरे. अशी धाकटी थोरलीच्या नावानं आणि थोरलीच्या वयानं शिकायला लागली. घरी ती धाकटीच, आणि थोरलीला कोणी नावानं हाक मारतच नव्हतं. त्यामुळे एक नाव दोघींत पुरलं.

एकदाच काय ते अडखळलं. काही आठवड्यांनी थोरली भावाला कडेवर घेऊन धाकटीचा विसरलेला डबा द्यायला आली आणि खिडकीशी उभी राहिली. आत हजेरी चालू होती. मास्तरांनी ते नाव घेतलं आणि खिडकीतून आवाज आला, "हजर." सगळा वर्ग खो खो हसला. मास्तर गोंधळले आणि घाईघाईनं बोलून गेले, "तू नाही, ती." थोरलीनं डबा खिडकीत ठेवला आणि ती गेली. त्यानंतर ती डबा द्यायला यायची ती हजेरी संपल्यावर.

शाळा वाढली ती अशी एका चाळिसाव्या पोरीवर. आधी दोन खोल्या विटांच्या, मग चार. मग पोरं मावेनात म्हणून सकाळची शाळा आणि दुपारची शाळा. धाकटी वीस वर्षांची होऊन, शिक्षिकेचं शिक्षण घेऊन त्याच शाळेत परत आली, तेव्हा तीन शिक्षक आणि दीडशे पोरं होती. शाळेचा खरा इतिहास कोणाला हवा असेल तर त्यानं कोनशिला वाचू नये, उशिराची वही वाचावी. सुरुवातीच्या वर्षांत पानोपानी एकच कारण, पाण्याच्या रांगेत होतो. मग नळ आले आणि ते कारण एका वर्षात नाहीसं झालं. दोन भावांनी आलटून पालटून लिहिलेलं, "बूट एकच जोड आहे, आज तो आधी आला." गिरणी बंद पडली त्या हिवाळ्यात, "भोंगा वाजला नाही म्हणून कोणी उठलंच नाही." चौथीच्या मुलींच्या नावापुढे तर कारणांऐवजी नुसत्या रेघा असायच्या. आडोशासाठी पोरी घरी जाऊन येतात, हा रेघांचा अर्थ धाकटीनं ओळखला आणि भांडून मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह बांधून घेतलं. पुढच्या वर्षी पाचवीत मुली दुप्पट झाल्या. साहेब लोक याला धोरणाचं यश म्हणाले. म्हणोत बापडे.

मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी वह्यांचा गठ्ठा तिच्या स्वाधीन केला. या शाळेत रिवाज असा, की जाणाऱ्या शिक्षकाचं नाव शेवटच्या दिवशी पोरांच्या हजेरीत सगळ्यांत शेवटी घ्यायचं. त्यानं "हजर" म्हणायचं, मग घंटा. मास्तरांनी "हजर" म्हटलं, घंटा झाली, पोरं पांगली. मग ते तिला म्हणाले, "आयुष्यात एकच खोटी हजेरी लावली मी. ती तुझी."

"त्याचं वाईट वाटतं का तुम्हाला?"

"तुझं नाही वाटत," मास्तर म्हणाले. "खिडकीतल्या पोरीचं वाटतं."

ती खिडकीतली पोर फार लांब गेली नव्हती. थोरलीनं आईचीच इस्त्री पुढे चालवली. लग्न झालं, नवरा वारला, मुलं कामाधंद्याला दूर गेली, आणि शाळेच्या फाटकासमोरच्या तिच्या इस्त्रीच्या दुकानात आता वाफेची इस्त्री आली होती. धाकटीनं लग्न केलं नाही, ती दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायची. शाळेतल्या पोरांचे गणवेश थोरलीच्या हातून जायचे, आणि कोणाची बाही कितीदा उसवली यावरून कोण भांडकुदळ आहे ते ती बाईंच्या आधी सांगायची. चाळीस वर्षांत धाकटीनं हजारांनी पोरं शिकवली. थोरलीला लिहिता-वाचता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. धाकटीनं अनेकदा म्हणून पाहिलं, "ताई, बस ना जरा, शिकवते." थोरली म्हणायची, "आता काय वरातीमागून घोडे? तो सदरा दे इकडे."

दोन वर्षांची गोष्ट निघाली तेव्हा मात्र तीच आधी उठली. "वय चुकलंय ना? मग जाऊन दुरुस्त करून आण. मी येते साक्षीला."

कचेरीतला कारकून याच शाळेचा जुना विद्यार्थी. त्यानं दोघींना खुर्च्या दिल्या, चहा मागवला. "बाई, सोपं आहे. जन्माचं साल दोन वर्षं पुढे घ्यायचं, घरातल्या मोठ्या माणसाची साक्ष जोडायची. महिन्याभरात काम होतं. ताई, तुमचं नाव सांगा."

थोरलीनं सांगितलं. कारकुनाचं पेन थांबलं.

"हे बाईंचं नाव झालं. मी तुमचं विचारतोय."

"माझंच आहे ते," थोरली म्हणाली. "तिला दिलंय."

"दिलंय म्हणजे?"

"मला घरी लागत नव्हतं."

कारकून हसायला गेला आणि दोघींची तोंडं बघून थांबला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. धाकटीनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं डोकं खाजवलं. दार ओढून घेतलं आणि आवाज खाली आणला. "बाई, हे असं खरं खरं लिहिलं तर तुमची सगळी प्रमाणपत्रं दुसऱ्याच्या नावची ठरतील. त्यापेक्षा एक करू. ताईंनी लिहून द्यायचं की हे नाव माझं नाही. मग नाव तुमचं एकटीचं राहतं, चुकतं ते फक्त वय."

"मग लिही की," थोरली म्हणाली. "त्यात काय एवढं? मला कोण हाक मारतंय त्या नावानं?"

त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "सदर नाव माझे नाही व कधीही नव्हते." मग शाईची डबी पुढे केली. थोरलीनं अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. नुसता निळा डाग उमटला. पन्नास वर्षं इस्त्री धरून अंगठा गुळगुळीत झाला होता, त्यावर रेघच उरली नव्हती.

"हे चालणार नाही," कारकून म्हणाला. "थांबा, दुसरा कागद करतो. या खेपेला जरा जोरात दाबा."

तो दुसरा कागद लिहीपर्यंत जो वेळ गेला, तेवढ्यात धाकटीनं बहिणीच्या हाताकडे पाहिलं. थोरली अंगठा हवेत धरून शहाण्या मुलीसारखी बसली होती, कपड्यांना शाई लागू नये म्हणून. धाकटीला एकदम इतकी लाज वाटली की कान तापले. तिला मजला हवा होता. अजूनही हवा होता. कारकुनानं नवा कागद पुढे सरकवला, तेव्हा तिनं तो उचलला आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

"राहू दे. कागदावर साठ आहे तर साठच."

"वेडी का खुळी तू?" थोरली कचेरीतच कडाडली. "हातची दोन वर्षं घालवतेस?"

रस्त्यावर आल्यावर धाकटी म्हणाली, "तुझं नाव आधीच घेतलं मी, ताई. आता ते तुझं कधी नव्हतंच असं तुझ्याच अंगठ्यानं लिहून घेऊ? त्यापेक्षा मजला दुसऱ्या कोणी उघडला तरी चालेल."

थोरली रुमालानं अंगठा पुसत चालत राहिली. वळणावर आल्यावर म्हणाली, "मला वाटलं होतं, तुझ्या कधी लक्षातच आलं नाही."

पुढचे तीन महिने धाकटीनं कामात घातले. गवंड्याशी खिडक्यांच्या उंचीवरून वाद घातला, पहिलीच्या पोरांना बसल्या जागी बाहेरचं दिसलंच पाहिजे म्हणून. गणिताचे सर तिच्या जागी येणार होते, त्यांना अर्जांची फाइल समजावून दिली आणि बजावलं, "पत्र पाठवून गप्प बसू नका. स्वतः जाऊन बसा. माणूस समोर दिसला की त्यांचं पेन चालतं."

शेवटच्या दिवशी सगळी शाळा अंगणात बसली. एका बाजूला वाळूचा ढीग होता, त्यावर चढू नका म्हणून सांगून सगळे दमले होते. थोरलीनं दुकान बंद ठेवलं होतं. तिला बसायला जागा मिळाली ती मागे, पहिलीच्या बुटक्या बाकावर, गुडघे पार हनुवटीशी. गणिताच्या सरांनी हजेरी घेतली. चारशे बारा नावं. बारकी पोरं कंटाळून एकमेकांच्या बुटांच्या नाड्या बांधायला लागली. शेवटी सरांनी जरा घसा साफ केला आणि मोठ्या बाईंचं नाव घेतलं.

धाकटीनं तोंड उघडलं. चोपन्न वर्षं ती या नावाला "हजर" म्हणत आली होती, झोपेतसुद्धा म्हटलं असतं. पण आज शब्द बाहेर येईना. सरांना वाटलं बाईंना भरून आलं. त्यांनी हळू आवाजात परत नाव घेतलं.

धाकटीनं मागच्या बाकाकडे हात केला. "मी नाही," ती म्हणाली. "ती."

सगळ्या माना वळल्या. थोरलीनं आधी स्वतःच्या मागे पाहिलं. मागे भिंत होती. मग बाकाला धरून ती सावकाश उठली, एवढी पोरं आपल्याकडे बघताहेत म्हणून कपडे नीट केले, आणि म्हणाली, "हजर."

कोणी हसलं नाही. फक्त तिच्या शेजारी बसलेल्या पहिलीतल्या एका मुलीनं तिचा हात ओढून नियम सांगितला, "आजी, उशीर झाला असेल तर वहीत लिहायला लागतं."

"मला येत नाही गं लिहायला," थोरली म्हणाली.

"मग सांगायचं. बाई लिहितात."

सरांनी वही आणली. धाकटी वही घेऊन मागे गेली आणि पहिलीच्या बाकावर बहिणीशेजारी बसली. तिनं तारीख घातली, मग नाव लिहिलं. ते नाव तिनं आजवर हजारदा लिहिलं होतं, पण जिचं होतं तिच्यासाठी लिहायची ही पहिलीच वेळ. पुढे कारणाचा रकाना रिकामा होता.

"सांग, ताई. खरं पाहिजे."

थोरलीनं थोडा विचार केला.

"लिही," ती म्हणाली. "धाकटीला सांभाळत होते."

धाकटीनं लिहिलं. मग तिनं कपाटातला सगळ्यांत जुना पट आणवला, वखारीच्या खोलीतला. चाळिसावं नाव काढलं. तपासणीच्या दिवसापर्यंत त्या ओळीत लाल फुल्याच फुल्या होत्या. तिनं एकेक फुली नियमाप्रमाणे खोडायला घेतली. थोरली बोट ठेवून पुढची दाखवत होती. चारशे बारा पोरं गप्प बसून राहिली, आणि त्या दिवशी शाळा सुटायची घंटा जरा उशिरा झाली.